छापायचं राहिलेलं प्रकरण

रोह्याच्या वाचनालयात एलियास पेणकरचा सत्कार होता आणि सत्काराला माणसं येतात तशी ती आली होती. काही चहासाठी, काही घरी कंटाळली म्हणून, आणि थोडी खरोखर पुस्तक वाचून. एलियास धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट. राहायला नदीपलीकडे, अष्टमीला. इतकी वर्षं रोह्याने त्याला सायकलवरून शिफ्टला जाता-येताना पाहिलेलं, त्यामुळे हाच माणूस पन्नाशीच्या तोंडावर एक जाडजूड कादंबरी लिहून बसेल यावर कुणाचा चटकन विश्वास बसला नव्हता. आणि कादंबरी तरी कसली! ‘बुबुळांची आळी’. त्यातलं गाव थेट पेणसारखं, तोच एस.टी. स्टँड, तीच नगरपालिका, पापडांची दुकानं, गणपतींचे कारखाने. फक्त तिथल्या चिताऱ्यांच्या हातात जादू होती. त्यांनी भिंतीवर दार काढलं की ते भिवंडीत उघडायचं. फळ्यावर कुत्रा काढला की तो जप्तीवाल्यावर भुंकायचा. आणि गाव सोडून गेलेल्या माणसाचे नुसते डोळे भिंतीवर काढले, की त्याला घरचा रस्ता दिसू लागायचा आणि तो असेल तिथून परत यायचा. मात्र काढणाऱ्याची नजर तेवढी विझत जायची. आणि त्याने औषधपाणी करून ती परत मिळवली, तर आलेली माणसं पुन्हा चालती व्हायची. असं ते सगळं. एका निवृत्त तलाठ्याने उठून विचारलं, की भिंतीवर काढलेल्या दाराला नगरपालिकेची परवानगी लागते का, आणि सगळे हसले. एलियासही हसला. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी कळवलं होतं, की मराठीला जादू झेपत नाही, मराठी माणूस जादूचं दार उघडलं तरी आधी भाडं विचारतो. नागपूरच्या एका मुलीने जादूचे नियम कुठे कुठे मोडलेत ते कळवलं होतं, आणि वर ‘तरी मी रडले’ असंही. एलियास हे सांगत होता, लोक ऐकत होते, आणि त्याला बरं वाटत होतं. मग शाळेतल्या प्रतीक्षाबाई उभ्या राहिल्या. ‘सर, ते करंगळीचं कुठून सुचलं? तो कान्हू म्हातारा मूर्तीचे डोळे आखताना करंगळी तिच्या गालावर टेकवतो, कारण त्याला दिसतच नसतं, अंतर तो बोटाने मोजतो, आणि कारखान्यात कुणालाच पत्ता नसतो. अंगावर काटा आला हो. काय कल्पनाशक्ती!’ एलियास म्हणाला, ‘सुचलं आपलं.’ तेव्हा मागच्या बाकावरून एक माणूस न उठताच बोलला, ‘सुचलं नाय. तो महिपती. मी पेणचा, रामवाडीत त्याच्या शेजारीच ऱ्हातो. डॉक्टर बोलले, मोतीबिंदू पार पिकलाय, आता नाय काढला तर डोळे कायमचे जातील. म्हातारा काढून घेत नाय. तुमच्या पुस्तकात हाय ना तसं, नजर आली की आलेली माणसं जातात. तेच धरून बसलाय.’ सगळ्यांच्या माना मागे वळल्या. माणूस ओशाळला आणि घाईने म्हणाला, ‘नाय, बाकी पुस्तक चांगलं हाय.’ अध्यक्षांनी चहा आल्याचं जाहीर केलं.

पुलावरून घरी जाताना एलियासने शाल काखेत दाबली होती आणि नारळ तो कुठेतरी विसरून आला होता. खाली कुंडलिकेचं पाणी ओहोटीला लागलेलं. त्याला वाटलं, वाचनालयात सगळ्यांना आपला चेहरा दिसला असणार. खाई त्याला खवखवे. ऑपरेशनचं त्याला ठाऊक नव्हतं हे खरं. पण महिपतीचं मूर्तींचे डोळे आखायचं काम गेलं हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक झाल्या दिवसापासून त्याने पेणकडे पाठ फिरवली होती. गणपतीच्या कारखान्याच्या मालकाने पुस्तक वाचलंच नव्हतं म्हणे. मालकाच्या सुनेने वाचलं आणि जेवताना गंमत म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालक महिपतीच्या पाठीशी येऊन उभा राहिला आणि एक शब्द न बोलता त्याची करंगळी बघत राहिला. तालुक्यातला सगळ्यांत चांगला आखणी करणारा माणूस, ज्याच्या हातचे डोळे मुंबईची मंडळं नाव घेऊन मागायची, तो त्या दिवसापासून मुकुटांना सोनेरी फासायला लागला आणि पुढे तेही सुटलं. हे एलियासला स्टँडवर कुणीतरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, ‘अरेरे’. नुसतं अरेरे, शेजारच्या गावात कुणाची म्हैस गेली म्हटल्यावर म्हणावं तसं. मग शिफ्ट बदलली, बायकोचं, तामारचं, गुडघ्याचं दुखणं निघालं, सुटी मिळेना. न जायला कारणं काय, पैशाला पासरी. मनातून त्याला माहीत होतं, की आपण शब्द दिला होता. त्या वेळी कारखान्यात दोघंच होते. महिपतीने करंगळी गालावरून न उचलता सांगितलं होतं, ‘एल्या, दिसत नाय रे मला. धुकं हाय नुसतं. हे बोट हाय म्हणून चाललंय. कुठं बोललास तर बघ.’ आणि एलियासने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली होती. तो कुठं बोलला नाहीच. त्याने लिहिलं. लिहिताना वाटलं होतं, एवढ्या खोट्याच्या जत्रेत एक खरं कोण ओळखणार? झालं भलतंच. बाहेरच्या लोकांनी जे खरं होतं तेवढं कल्पना म्हणून डोक्यावर घेतलं आणि पेणच्या लोकांनी कल्पना होती ती खरी धरली. त्यातही जी गोष्ट त्याला पुलाच्या मध्यावर पाय ओढायला लावत होती ती वेगळीच होती. नजर जाण्याची ती किंमत, ती त्याने आणली कुठून? महिपतीच्या घराण्यात असलं काही कुणी मानत नव्हतं. त्यांच्यात डोळे आखणं म्हणजे आनंदाचं काम. आखणी झाली की पोरांना पेढा मिळायचा. भीती होती ती एलियासच्या घरात. त्याच्या वडिलांचं, एझ्रांचं, पेणला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून. शाळा सुटली की एलियास कारखान्यात जाऊन बसायचा, माती मळायचा, सोंडा वळायचा, आणि वडील काही म्हणायचे नाहीत, कारण माती ही माती असते. पण त्यांनी एक दंडक घातला होता: आखणीला सुरुवात झाली की उठून घरी यायचं. आपण ज्यू, आपल्यात प्रतिमा नाही. डोळे उघडेपर्यंत ती माती, पुढचं आपण बघायचं नाही. महिपती, तेव्हा तरणाबांड, लांब केसांची बारीक कुंचली हातात घ्यायचा आणि दारातून हाक यायची, ‘एलियास!’ दुसऱ्या दिवशी जावं तर ओळीने बसलेल्या सगळ्या मूर्ती त्याच्याकडे बघत असायच्या. मधे काय घडलं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्या न पाहिलेल्या वेळात काहीतरी भयंकर घडत असणार, कुणीतरी काहीतरी मोजत असणार, असं त्याच्या पोरबुद्धीने धरलं; आणि मोठेपणी, सगळं पाहून झाल्यावरही, ते आतून गेलं नाही. तेच त्याने लिहिलं. आपल्या घरची भीती उचलून त्याने शेजाऱ्याच्या हातात ठेवली होती आणि शेजारी आता ती सोडत नव्हता.

तामारला त्याने जेवताना सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली नाही. ‘मग जा आणि सांगा, खोटं लिहिलंय म्हणून. लेखकच म्हणतो म्हटल्यावर विषय संपला. त्यात लाज कसली?’ तिला सगळं असंच सरळ दिसायचं. एलियास म्हणाला, ‘लाज नाही गं,’ आणि ती लाजच होती. ‘अहो, डोळे जातील त्या माणसाचे,’ तामार म्हणाली, ‘आणि तुम्ही इथे आमटी थंड करताय.’ मग बऱ्याच वेळाने, त्याच्याकडे न बघता, तिने तवा उतरवला. ‘तुमच्या पुस्तकात बरं सगळे परत येतात. आपली नोआ गेली तिचा साधा फोन येत नाही सणाला.’ ते पुस्तक त्याने का लिहिलं हे तामारने एका वाक्यात पाटावर मांडलं होतं. पेणच्या त्यांच्या आळीतली घरं एकेक करून इस्राएलला गेली. आधी म्हातारे कुरकुरत गेले, मग भाऊ रूबेन, मग मुलगी नोआ. शब्बाथला सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनात. दहा नाहीत तर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडायची नाही, म्हणून उरलेले लोक बाहेर ओट्यावर बसून एकमेकांच्या मधुमेहाची चौकशी करायचे. अशाच एका शनिवारी ओट्यावर बसून त्याला वाटलं होतं, यांचे डोळे कुणीतरी भिंतीवर काढावेत, सगळ्यांचे, म्हणजे यांना रस्ता दिसेल. काढणं हाताला ठाऊक नव्हतं म्हणून त्याने लिहायला घेतलं. रूबेनला प्रत पाठवली तर त्याचं उत्तर: ‘बाबा असते तर तुला घरात घेतलं नसतं. पण दोन दिवस पेण डोळ्यांपुढून हललं नाही.’ यायचं म्हणशील तर, नाव नाही. एलियासने ताट बाजूला सारलं. जे आपल्याला आपल्या माणसांसाठी जमलं नाही ते म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधून आपण शाली घेत हिंडतो आहोत असं त्याला वाटलं आणि रविवारी पेणला जायचं त्याने कबूल केलं.

एस.टी. वडखळला रखडली, पेणला पोचेतो ऊन चढलं. रामवाडीतलं महिपतीचं घर त्याला माहीत होतं, पण ओटीवर पाय ठेवल्यावर तो जागीच थांबला. समोरची अख्खी भिंत डोळ्यांनी भरलेली होती. नाक नाही, तोंड नाही, नुसते जोडीजोडीने डोळे. तरण्या पोरांचे, बायकांचे, एक तिरळासुद्धा. लोक फोटो घेऊन येतात आणि फोटो डोळ्यांना पार चिकटवून महिपती ते काढतो, हे त्याला नंतर कळलं. काही जोड्या सरळ होत्या, काही एकमेकांत घुसल्या होत्या. त्यांच्याखाली धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून महिपती बसला होता, नवरदेवासारखा ताठ. त्याच्या बुबुळांवर दुधासारखं पांढरं आलं होतं. ‘कोण? चप्पल घासत कोण आलं? एल्या ना तू?’ घरातून महिपतीची बायको सरू आली. तिने एलियासला पाणी दिलं, पण तांब्या आदळून. ‘आलास? ये. बघ काय करून ठेवलंस. उद्या अलिबागला डोळ्यांचं शिबिर हाय, नाव घातलंय, गाडी सांगितलीय, आणि ह्यो दगडासारखा बसलाय.’ ओटीच्या कोपऱ्यात एक बाई उकिडवी बसली होती, पायांना मिठागराच्या चिखलाचे पांढरे पापुद्रे, मांडीवर सुकटाची पुडी. ती चंद्रावती. तिचा पोरगा धनेश बापाशी भांडून गेला होता आणि वर्षं लोटली तरी पत्ता नव्हता. गावात कुणीतरी पुस्तक वाचून दाखवलं आणि ती त्याचा शाळेतला फोटो घेऊन महिपतीकडे आली. त्याने डोळे काढले. महिना झाला नाही तोच धनेश दारात उभा. ‘भिवंडीचा माग बंद पडला म्हणून आला तो,’ सरू म्हणाली. ‘सगळ्या मागवाल्यांची पोरं आली त्या महिन्यात. त्यांचे काय डोळे काढले होते कोणी?’ चंद्रावती तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती एलियासकडे बघत होती. तिला कळलं होतं, की पुस्तकवाला तो हाच.

एलियास खाली बसला आणि म्हणाला, ‘दादा, ते मी रचलंय. सगळं. नजर जाते, माणसं परत येतात, पुन्हा जातात, एक अक्षर खरं नाही. मी खुर्चीत बसून रचलं.’ त्याला वाटलं होतं हे बोलायला जड जाईल. बोलून झालं आणि काहीच झालं नाही. महिपती हसला. ‘तू रचलंस रे. पण पोऱ्या आला ना?’ मग हसू आवरून तो हळू आवाजात म्हणाला, फक्त एलियासला ऐकू जाईल असं, ‘कारखान्यातनं काढला तेव्हा मी कोण होतो? मोतीबिंदूवाला म्हातारा. पोरं बाजूने जायची, हाक नाय मारायची. आता लोक पायाला हात लावतात माझ्या. डोळे गेले ते असेच गेले म्हणू व्हय? कशापायी तरी गेले, येवढं तरी असू दे.’ आणि एलियासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने त्या माणसाची भाकरी काढून घेतली होती आणि बदल्यात एक खोटा मान दिला होता. आता खरं सांगायचं म्हणजे तोही काढून घेणं. चंद्रावती सरकत पुढे आली. ‘तुमी लिवलाव ना?’ ती म्हणाली. ‘मंग खोटा कसा? छापलाय तो. यांची नजर आयली का माजा पोऱ्या जायल. मना म्हायतीय. तो आताच दारात उभा ऱ्हाऊन हायवेकडं बगतं.’ तिने महिपतीचं पाऊल धरलं होतं, आशीर्वादासाठी धरतात तसं नाही, दावं धरतात तसं. महिपतीने पाऊल सोडवून घेतलं नाही. सरूने डोळ्याला पदर लावला आणि ती रागाने म्हणाली, ‘दुसऱ्याच्या पोरापायी आंधळा होणार ह्यो, आणि मी याचा हात धरून हिंडू परसाकडं?’

आणि तेव्हा एलियासला सुचलं. पुढे कितीदा तरी त्याने तो क्षण उलटसुलट करून पाहिला, आणि दर वेळी त्याला एकाच गोष्टीची शरम वाटली: सुचलं तेव्हा त्याला आनंद झाला होता. लिहिताना एखादं पान जमलं की व्हायचा, तोच. तो म्हणाला, ‘एक प्रकरण छापायचं राहिलं.’ ‘पानं फार होत होती म्हणून प्रकाशकाने काढलं. शेवटचं होतं. त्यात कान्हू म्हाताऱ्याची नजर परत येते आणि आलेलं कुणीही जात नाही.’ महिपतीने मान वळवली. ‘कसं?’ ‘कारण दुसरा एकजण ते आपल्यावर घेतो. त्याचे डोळे या भिंतीवर काढायचे, सगळ्यांच्या खाली. मग कान्हूचं आंधळेपण त्याच्या वाट्याला जातं.’ चंद्रावतीने विचारलं, ‘कोन घेतो?’ ‘ज्याने हे सुरू केलं तो.’ ‘कोन तो?’ एलियास म्हणाला, ‘मी.’ चंद्रावतीने त्याच्या तोंडाकडे असं निरखून पाहिलं, की मासे घेताना बायका कल्ले उचलून पाहतात त्याची त्याला आठवण झाली. ‘तुमी आंधले व्हाल?’ ‘होईन.’ ‘तुमच्या डोल्यांवर घेताव?’ ‘माझ्या डोळ्यांवर.’ तिने महिपतीचं पाऊल सोडलं. महिपतीने हाताने भिंतीची खालची मोकळी जागा चाचपून पाहिली. त्याने विश्वास ठेवला की नुसती सुटका करून घेतली, हे एलियासला कधी कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. ‘सरू गो,’ तो अखेर म्हणाला, ‘माझी कुंचली दे.’

एलियास भिंतीला टेकून बसला. महिपतीचा हात चाचपडत आला, करंगळी त्याच्या गालावर टेकली. थंड, काजळीचा आणि सरसाचा वास असलेली. त्या बोटाच्या आधाराने बाकीची बोटं त्याच्या भुवईवरून, पापणीवरून, डोळ्याच्या कोपऱ्यावरून हलकेच फिरली, आणि मग तोच हात त्याच्या कानाशेजारी भिंतीवर गेला. कुंचलीचा आवाज इतका जवळून त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला दारातून हाक ऐकू आली. वडील जाऊन किती वर्षं झाली होती, दुकानाच्या जागी आता झेरॉक्स होतं, तरी हाक आली, आणि त्याच्या मांड्या आपोआप आखडल्या, उठायला. आखणी सुरू झाली की उठायचं. तो उठला नाही. लहानपणी चुकवलेल्या त्या वेळात काय असतं हे त्याला आता अंगाने कळत होतं: काहीच नसतं, एक म्हातारा श्वास रोखून रेघ ओढत असतो. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. उलट त्याला इतकी भीती वाटली, की त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. ‘उघड,’ महिपती म्हणाला, ‘मिटलेले कसे काढू?’

ऑपरेशन नीट झालं. आधी एक डोळा, मग थोड्या अवधीने दुसरा. काळा चष्मा लावून महिपती पंधरवडाभर घरात बसला आणि चष्मा काढल्यावर पहिली शिवी त्याने स्वतःच्याच भिंतीला हासडली. ‘हे काय काढून ठेवलंय? ह्यो तिरळा कोण? आणि एल्याचा एक डोळा पार कपाळात गेलाय!’ सरूने चुन्याची बादली आणली आणि सगळी भिंत पांढरी केली. मालकाने आधी निरोप पाठवला, मग स्वतः आला. सीझन तोंडावर होता, मुंबईची मंडळं डोळ्यांवरून कुरकुरत होती. महिपती म्हणे त्याला तासभर ओटीवर ताटकळत ठेवून मगच गेला. हे सगळं एलियासने ऐकलं, एकदा जाऊन पाहिलंही. कारखान्यात महिपती करंगळी हवेत ठेवून सपासप आखत होता. मग एलियास सुखी व्हायला हरकत नव्हती. तामार म्हणाली, ‘झालं ना? फिटलं.’ पण लॅबमध्ये रंगाच्या छटा जुळवताना तो दोन परीक्षानळ्या उजेडात धरायचा आणि मनात तपासायचा: कालच्याइतकं स्वच्छ दिसतंय? दिसायचं. लाल लाल दिसायचा, पिवळा लिंबासारखा दिसायचा. त्याला हायसं वाटायचं आणि हायसं वाटलं याचीच पाठोपाठ चोरी वाटायची. आपणच रचलेल्या थापेला आपण घाबरतो याचं त्याला हसू यायला हवं होतं. बसमधून जाताना डोळ्यात कचरा गेला तर तो ताबडतोब चोळायचा नाही, थांबायचा. जणू कुणी मोजत होतं.

एके दुपारी पहिली शिफ्ट सुटली आणि तो सायकल हातात धरून कंपनीच्या गेटबाहेर आला, तर झाडाखाली चंद्रावती उभी. पेणहून बस बदलत आली होती, वॉचमनला नाव विचारत. तिच्या हातात काही नव्हतं. ‘पोऱ्या गेला,’ ती म्हणाली. ‘ट्रकावर बसून गेला. सुरतेला का कया, सांगला बी नाय. माजी भाकर तशीच तव्यावर.’ ती रडत नव्हती. रडून झालं असावं. एलियासने सायकल झाडाला लावली. त्याला म्हणता आलं असतं, की बाई, ते सगळं खोटं होतं, पोरगा कामासाठी गेला, काम मिळालं की येईल. हे तर त्याने ओटीवर आधीच सांगून पाहिलं होतं. आणि आता ते म्हणणं म्हणजे डोळे वाचवून पळ काढणं. त्याने नुसतं ‘काकी’ म्हटलं. ती जवळ आली. एकदम जवळ, आणि तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. शिफ्टचे लोक बाजूने जात होते, कुणी वळून बघत होतं. तिने आधी एका डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्या. मिठावर उन्हात काम करून तिचे स्वतःचे डोळे लाल झालेले होते, आणि त्याला त्यातली एकेक शीर स्पष्ट दिसत होती.

‘तुमचे डोले तं चांगले हायत,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘चश्मा बी नाय.’

‘नाही.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला आडोसा मिळाला असता. तिने हनुवटी सोडली, त्याच्या तोंडाला लागलेला हात पदराला पुसला, आणि एखाद्या कामाच्या माणसाला विचारावं तसं साधं विचारलं, ‘मंग कदी?’ ती थोडा वेळ वाट पाहत उभी राहिली आणि मग झाडाच्या बुंध्याशी, त्याच्या सायकलशेजारी, पाय पोटाशी घेऊन बसली.